गिरगावातली गेलेली दोन थेटरं : फलक प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

मंडळाची मीटिंग झाली. यंदा देखाव्याचा खर्च कमी करून मंडपाच्या बाजूच्या बोळात माहितीचे फलक लावायचे ठरलेत, विषय गिरगावातली गेलेली थेटरं. शोधाशोध आणि मजकूर माझ्याकडे, डिझाइन चाळीतली एक कॉलेजची मुलगी करणार, छपाई आणि फ्रेम पोरं बघणार. बजेट दहा हजार, त्याच्या वर एक पैसा नाही असं खजिनदारांनी पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं.

काही जणांना सगळी थेटरं हवी होती. मी नको म्हटलं. आठ फलकांत सहा थेटरं कोंबली तर प्रत्येकाच्या वाट्याला नाव, साल आणि एक फोटो एवढंच येतं, लोक चालता चालता वाचतात आणि पुढच्या आरतीला विसरतात. म्हणून दोनच घेतली. एक कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ, जिथे ३ मे १९१३ ला फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, आणि दुसरं मॅजेस्टिक, जिथे १४ मार्च १९३१ ला 'आलमआरा' लागला, म्हणजे आपला पहिला बोलपट. आपला मुका सिनेमा आणि बोलता सिनेमा दोन्ही एकाच गिरगावात सुरू झाले, चौपाटीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात, आणि आज दोन्ही जागी थेटर नाही. मॅजेस्टिकच्या जागेवर मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे तेवढीच नावाची खूण.

दुसऱ्या वस्तीतल्या कोणाला असंच काही करायचं असेल तर काय केलं, काय फसलं ते कळावं म्हणून या नोंदी तारखेसकट ठेवतेय.

११ जून

आधी इंटरनेटवर सापडेल ते गोळा केलं. दोन रात्री गेल्या आणि हाताला फार थोडं लागलं, कारण बहुतेक लेख एकमेकांवरून उतरवलेले आहेत, तीच चार वाक्यं त्याच क्रमाने. पाच ठिकाणी एक गोष्ट दिसली की ती खरी वाटायला लागते पण मुळात ती एकाच ठिकाणची असते.

त्यामुळे आजच एक नियम ठरवला आणि डिझाइनवाल्या मुलीलाही सांगितला. फलकावरच्या प्रत्येक वाक्याला वहीत आधार पाहिजे. एकतर त्या काळचा छापील कागद, नाहीतर एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन माणसांची आठवण. यातलं काहीच नसेल तर वाक्य कितीही गोड असो, जाणार.

१५ जून

रस्त्यांच्या नावांनीच अर्धा वेळ खाल्ला. कॉरोनेशनचा पत्ता सँडहर्स्ट रोड, गिरगाव. आजच्या माणसाला सँडहर्स्ट रोड म्हटलं की सेंट्रल रेल्वेचं स्टेशन आठवतं, मग तो डोंगरीच्या बाजूला बघायला लागतो. प्रत्यक्षात तो रस्ता पूर्वेकडून निघून थेट गिरगाव चौपाटीपर्यंत येतो, आपल्याकडचा भाग म्हणजे आत्ताचा सरदार वल्लभभाई पटेल रोड. गिरगाव रोडचा जगन्नाथ शंकरशेट मार्ग झाला, गिरगाव बॅक रोडचा विठ्ठलभाई पटेल रोड, क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे मार्ग, लॅमिंग्टन रोडचा डॉ. भडकमकर मार्ग. जुनं काही शोधायला बसायच्या आधी हा तक्ता करून भिंतीला लावा, नाहीतर जुन्या जाहिरातीतला पत्ता समोर असून कळत नाही.

यातून एक गोष्ट मिळाली ती मला या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. १८९६ ला प्लेग आला, त्यानंतर १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि ट्रस्टने दाट वस्त्या कापत पूर्व-पश्चिम रुंद रस्ते आखले, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड. उद्देश हा की समुद्रावरचा वारा आत कोंदलेल्या चाळींपर्यंत पोचावा. म्हणजे ज्या रस्त्यावर पहिला 'राजा हरिश्चंद्र' लागला तो रस्ता मुळात समुद्राची हवा आत आणायला काढलेला. त्यात १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली, घोड्याची ट्राम गेली. रुंद रस्ता, वीज आणि ट्राम या तीन गोष्टी नसत्या तर रात्री उशिराचे खेळ लावायला कोणी धजावलं असतं असं मला वाटत नाही. पहिल्या फलकावर सिनेमाचं चित्र नको, रस्त्याचा नकाशा हवा, असं मी आज सगळ्यांना सांगितलं. थोडी कुरकुर झाली पण मान्य झालं.

२१ जून

वर्तमानपत्रांतल्या जाहिराती शोधायला सुरुवात. एशियाटिक सोसायटीच्या 'ग्रंथ संजीवनी'वर जुनं बरंच स्कॅन केलेलं आहे, त्याचा खूप उपयोग झाला. पण शोधखिडकीत थेटरचं नाव टाकून काही हाती लागत नाही. मजकूर थोडाफार सापडतो, जाहिराती नाही, कारण त्या नक्षीदार टायपात असतात आणि कॉम्प्युटरला ती अक्षरं वाचताच येत नाहीत. मॅजेस्टिकच्या एम ला डब्ल्यू समजलेलं बघितलं आणि तो नाद सोडला. डोळ्यांनीच पानं उलटायची.

मग रोजचा अंक बघत बसलं तर वर्ष जाईल. इथे एक किल्ली सापडली. माझ्याकडे ज्या पक्क्या तारखा होत्या त्यांचे वार काढले. दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' कॉरोनेशनला लागला १८ मे १९१२, शनिवार. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३, शनिवार. 'आलमआरा' १४ मार्च १९३१, शनिवार. पहिला मराठी बोलपट, प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा', ६ फेब्रुवारी १९३२, शनिवार. 'संत तुकाराम' १२ डिसेंबर १९३६, परत शनिवार. आपण शुक्रवारी सिनेमा लागतो हे इतकं धरून चालतो की आधी शुक्रवारचेच अंक चाळले जात होते आणि त्यात आठवड्यापूर्वीचाच खेळ दिसत होता. नवा खेळ शनिवारी. तेव्हापासून फक्त शनिवारचा अंक उघडायचा आणि जाहिरातींचं पान बघायचं, काम कितीतरी पटीने भराभर व्हायला लागलं.

तुम्ही दुसऱ्या गावचं थेटर शोधत असाल तर तिथला बदलीचा वार आधी ठरवून घ्या. दोन-तीन पक्क्या तारखा पुरतात.

२२ जून

'राजा हरिश्चंद्र'ची कॉरोनेशनची जाहिरात नीट वाचली, शब्द न शब्द. आपल्या डोक्यात असतं की लोक फाळक्यांचा सिनेमा बघायला गेले. जाहिरातीत सिनेमाच्या सोबत काय काय आहे बघा: मिस आयरीन डेलमार यांचं गाणं आणि नाच, मॅकक्लेमेंट्स मंडळींचा विनोदी प्रवेश, अलेक्झांड्रॉफ नावाचा पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू, आणि टिप-टॉप कॉमिक्स. थेटरचं पूर्ण नावच कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ अँड व्हरायटी हॉल होतं, तर व्हरायटी म्हणजे ही. खेळ संध्याकाळी ६, ८, १० आणि रात्री पावणेबाराला. आणि खाली सूचना की तिकिटाचे दर दुप्पट.

ते दुप्पट दर बघून मी थांबले. म्हणजे थेटरवाल्याला खात्री होती की आपल्या माणसांनी केलेला, आपल्या गोष्टीचा खेळ बघायला लोक दुप्पट देतील. आणि दिले त्यांनी. नंतर बायका आणि मुलांसाठी अर्ध्या दरात खास खेळ ठेवला गेला. एका थेटराने त्याच्या वस्तीला कसं ओळखलं होतं हे या दोन ओळींत आहे, नटांच्या नावांत नाही. या जाहिरातीला अख्खा एक फलक दिला.

२९ जून

मॅजेस्टिकच्या फोटोने रडवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर एक सुंदर फोटो फिरत होता, दारात तोबा गर्दी, वर ठळक अक्षरात मॅजेस्टिक. डिझाइनमध्ये बसवूनसुद्धा झाला होता. मोठा करून बघितला तर कोपऱ्यातल्या दुकानाची पाटी कानडी. बेंगळुरूला मॅजेस्टिक नावाचं थेटर होतं, इतकं प्रसिद्ध की तिथल्या मोठ्या बसस्टँडच्या भागालाच लोक मॅजेस्टिक म्हणतात. फोटो काढून टाकला, डिझाइनचा एक रविवार गेला.

दुसरा गोंधळ आपल्याच मुंबईतला. कुलाब्याला रीगलसमोर मॅजेस्टिक आमदार निवास आहे, ते पूर्वीचं मॅजेस्टिक हॉटेल, त्याचा आणि आपल्या थेटराचा काही संबंध नाही. पण मॅजेस्टिक मुंबई असं शोधलं की तेच फोटो आधी येतात.

फोटोची खात्री करायची पद्धत आता अशी ठेवलीय: पाट्यांची भाषा बघायची, ट्रामचे रूळ किंवा तारा आहेत का बघायचं (मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली), आणि शेजारची एक तरी इमारत ओळखू आली पाहिजे. नाही आली तर फोटो नाही. दरवाजाचा फोटो न मिळाल्याने मंडळात नाराजी आहे, पण खोटा फोटो लावून लोकांना 'हेच ते' म्हणायला लावणं मला पटणार नाही.

६ जुलै

आठवणी गोळा करायला सुरुवात. मोठी अडचण ही की ज्यांना आठवतंय ते गिरगावात राहिलेच नाहीत. कोणी डोंबिवली, कोणी बोरिवली, कोणी विरार, मेट्रोच्या कामात बिल्डिंगी गेल्या तेव्हा आणखी काही कुटुंबं हलली. त्यामुळे प्रवास हा खर्चाचा आणि वेळेचा मोठा भाग आहे, तो आधीच धरून चाला. फोनवर बोलून भागत नाही. फोनवर माणूस आपल्याला हवं ते सांगतो आणि ठेवून देतो, घरी गेलं की तासाभराने खरं काहीतरी निघतं.

'तुम्हाला थेटराबद्दल काय आठवतं' हा प्रश्न पूर्ण वाया जातो. सगळे नटनट्यांची नावं सांगतात आणि साल चुकीचं सांगतात. आज डोंबिवलीला एका आजींकडे होते, ऐंशीच्या पुढच्या, माहेर गिरगावातलं. अर्धा तास असाच गेला. मग मी विचारलं, "आजी, घरून निघाल्यावर थेटरात जागेवर बसेपर्यंत काय काय करायचात?" आणि त्या सुरूच झाल्या. कोणत्या बोळातून जायचं, कोणाला हाक मारायची, तिकिटाच्या खिडकीतून हात आत घालायला जागा किती छोटी आणि धक्काबुक्कीत बांगडी कशी फुटायची, आई पैसे पदराच्या टोकाला बांधून न्यायची, दाराशी डोअरकीपर तिकीट फाडून अर्धं परत द्यायचा आणि ते अर्धं इंटर्व्हलपर्यंत मुठीत धरून ठेवायचं. सिनेमा कोणता ते त्यांना आठवत नव्हतं आणि मलाही नको होतं.

तेव्हा प्रश्न विचारताना शरीराचा रस्ता विचारा. पाय कुठे गेले, हातात काय होतं, कुठे बसलात, उठलात कधी. त्याच्या मागे मागे बाकीचं येतं.

रेकॉर्डिंगचं: पंखा बंद करायला सांगायची लाज वाटू देऊ नका. आजचं पहिलं रेकॉर्डिंग नुसतं घरघर आहे. पंखा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर, उशीवर ठेवलेला, एवढ्याने आवाज चांगला येतो, वेगळा माइक घ्यायची गरज पडली नाही.

१३ जुलै

बोरिवलीला एका काकांकडे. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत गाण्यांची पुस्तकं निघाली. ज्यांनी बघितली नसतील त्यांच्यासाठी: सिनेमा बघायला गेलं की थेटरात पातळ चोपडी विकत मिळायची, आत नटांची नावं, थोडक्यात गोष्ट आणि सगळी गाणी. वहीपेक्षा लहान, कागद पापडासारखा झालेला, हात लावला की कडा गळतात. मध्ये दोन स्टेपल. ते स्टेपल पूर्ण गंजलेले आणि गंजाचा डाग बरोबर मधल्या पानांच्या आरपार गेलेला, गाण्याच्या ओळी त्या डागाखाली. काका म्हणाले, "अगं, समुद्राजवळ राहायचो, ट्रंकेच्या कड्या पण अशाच गेल्या." खाऱ्या हवेने लोखंड आधी जातं आणि जाताना कागद घेऊन जातं.

कामाची माहिती. स्टेपल ओढून काढू नका, कागद फाटतो. सपाट स्कॅनरवर दाबू नका, पाठ तुटते. आम्ही खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या उजेडात, चोपडी जेवढी सहज उघडते तेवढीच उघडून वरून मोबाइलने फोटो घेतले, पानामागे काळा कार्डपेपर सरकवला म्हणजे पलीकडची अक्षरं उमटून दिसत नाहीत. फ्लॅश अजिबात नाही. काकांनी मूळ चोपड्या द्यायची तयारी दाखवली पण मी घेतल्या नाहीत. पावसाळ्यात बोळात लावलेल्या काचेखाली त्या टिकल्या नसत्या आणि एकदा गेल्या तर परत कुठून आणणार.

१४ जुलै

त्याच भागात राहणाऱ्या एका निवृत्त ऑपरेटरना भेटले. ते या दोन थेटरांतले नाहीत, पण प्रोजेक्टरची खोली आतून बघितलेला माणूस मला हवा होता. दोन कार्बनच्या कांड्या, त्यांच्यामध्ये बारीक फट, त्या फटीत ठिणगीचा प्रखर उजेड. कांड्या जळून कमी होतात म्हणून सतत पुढे सरकवत राहायचं, लक्ष चुकलं की पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या. मशीन दोन. पहिल्यावरचं रीळ संपत आलं की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू, मग दुसरा ठिपका, त्यावर बदली. "प्रेक्षकाला कळता कामा नये, एवढंच आमचं काम." हे वाक्य त्यांच्या परवानगीने फलकावर घेतलंय, नावाशिवाय.

मुक्या सिनेमाच्या काळातली फिल्म नायट्रेटची होती, झटकन पेटणारी, आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा सगळ्यांना सेन्सॉरसाठी माहीत असतो, पण त्यात थेटराचा परवाना आणि प्रेक्षकांची सुरक्षितता हाही भाग आहे, तो कशासाठी हे त्या खोलीची गोष्ट ऐकल्यावर समजतं.

२० जुलै

जागेचे कागद. मुंबई शहरात जमिनीला कॅडेस्ट्रल सर्व्हे नंबर (मोजणीचा नंबर) असतो, उपनगरासारखा सिटी सर्व्हेचा सीटीएस नंबर नाही, हे माहीत नसेल तर अर्जच चुकीचा जातो आणि परत रांग. मालमत्ता पत्रकावर मालकांची नावं आणि हस्तांतरणं असतात, तिथे थेटर होतं की गोदाम ते कळेलच असं नाही. एक सुट्टी आणि झेरॉक्सचे पैसे गेले, फलकासाठी उपयोग शून्य. ज्यांना मालकीचा इतिहास लिहायचाय त्यांनी जरूर करा, ज्यांना थेटराचा लिहायचाय त्यांनी हे सगळ्यात शेवटी करा.

त्यापेक्षा १९२७-२८ च्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीच्या, म्हणजे सरकारने सिनेमाच्या धंद्याची चौकशी करायला नेमलेल्या समितीच्या, साक्षींचे खंड वाचा. रंगाचारियर अध्यक्ष होते त्याचे. थेटरवाले, निर्माते, अधिकारी सगळ्यांना प्रश्न विचारलेत, फाळक्यांनाही, आणि तिकीट, कर, प्रेक्षक कुठल्या थरातले यावर माणसं आपापल्या तोंडाने बोलतात. कंटाळवाणं वाटेल म्हणून टाळत होते, दोन दिवस खाली ठेवता आलं नाही.

३ ऑगस्ट

मजकूर लिहायला बसले. सगळ्यात जास्त वेळ तारखांच्या भांडणात गेला.

पहिलं, जो बघून फाळक्यांना सिनेमा काढायचं सुचलं तो 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' त्यांनी कधी बघितला. थेटर नक्की, अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस, तेही गिरगावातलंच. पण साल? फाळक्यांनी स्वतः १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहिलं त्यात १९१० आहे. दुसरीकडे १४-१५ एप्रिल १९११ दिलेलं असतं, ईस्टरच्या सुट्टीत. १४ एप्रिल १९११ ला गुड फ्रायडे होता, म्हणजे ख्रिस्ताचा खेळ तेव्हा लागणं जुळतं. मी दोन्ही सालं फलकावर दिली, कशावरून ते दोन ओळींत सांगून. मंडळात एकाचं म्हणणं पडलं की लोक गोंधळतील. मला नाही वाटत. लोक दोन बाजू वाचू शकतात.

दुसरं, पहिला सिनेमा कोणता. 'पुंडलिक' १९१२ चा, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या वर्षभर आधीचा, आणि तोही कॉरोनेशनलाच. त्याला पहिला मानत नाहीत कारण ते नाटकाचं चित्रीकरण होतं, कॅमेरामन इंग्रज आणि फिल्म लंडनला धुतलेली. हा वाद आपण सोडवायचा नाही. पण थेटराच्या बाजूने बघितलं तर वाद उरतच नाही, दोन्ही दावेदार एकाच दारातून आत गेले. हे वाक्य मी तिसऱ्या फलकाच्या मथळ्याला घेतलं.

तिसरं, लांबी. 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फूट. फाळक्यांनी सुरतेत जाहिरात केली होती ती प्रसिद्ध आहे, ५७,००० फोटोंचा खेळ, दोन मैल लांब चित्र, फक्त तीन आण्यांत. हिशोब करून बघितला. एका फुटात १६ चित्रं, म्हणजे ३७०० फुटांत ५९,२००. फोटोंचा आकडा जवळपास बरोबर आहे! मैल मात्र ५२८० फुटांचा, त्यामुळे चित्र पाऊण मैलही भरत नाही. हा हिशोब मुलांच्या उंचीवर खालच्या बाजूला छापायचा ठरला, उत्तर झाकून.

मॅजेस्टिकच्या फलकाला 'आलमआरा'ची पहिल्या दिवशीची गर्दी घेतली. सिनेमाचे निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांचे भागीदार अब्दुलअली युसुफअली यांची आठवण आहे की चार आण्याचं तिकीट चार-पाच रुपयांना ब्लॅकने गेलं, पोलिसांना बोलवावं लागलं. आणि शूटिंगबद्दल एवढंच की स्टुडिओ रेल्वेच्या रुळांशेजारी असल्याने गाड्या थांबल्यावर रात्री काम चालायचं. सिनेमाचे नायक मास्टर विठ्ठल, मराठी माणूस, आणि ज्या स्टुडिओशी करार मोडून ते इराणींकडे आले त्याने केस केल्यावर त्यांचं वकीलपत्र जिनांनी घेतलेलं. आज 'आलमआरा'ची एकही प्रत कुठे असल्याचं माहीत नाही. थेटर पण नाही आणि सिनेमा पण नाही, उरलीय ती जाहिरात, काही फोटो आणि लोकांनी लिहून ठेवलेलं.

१० ऑगस्ट

छपाईचा नमुना. स्वस्त म्हणून आधी कागदी फोमबोर्डवर एक फलक छापून घेतला आणि ऑफिसच्या खोलीत ठेवला. दोन दिवसांत कडा आतल्या बाजूला वळल्या, पावसाळी हवेत कागद फुगतो. मग सनबोर्डवर (प्लास्टिकचा हलका बोर्ड) व्हिनाइल, मॅट लॅमिनेशन. दोन बाय तीन फुटांचे आठ फलक, ८० रुपये चौरस फुटाने ३८४० रुपये. ग्लॉसी घेऊ नका, मंडपातल्या हॅलोजनचा उजेड पडला की अक्षरंच दिसत नाहीत.

जुन्या जाहिरातीचा स्कॅन मोठा केला की नुसते ठिपके. तिचा मजकूर मराठीत नव्याने टाइप करून मोठा दिला आणि मूळ जाहिरात कोपऱ्यात पोस्टकार्डाएवढी. असं केल्यावर लोक आधी मराठी वाचतात आणि मग वाकून मूळ बघतात, हेच हवं होतं.

१९ ऑगस्ट

दोन दिवस पाऊस थांबलेला नाही, मध्य रेल्वे ठप्प. फ्रेमवाला त्याच लाइनवरचा, त्यामुळे फ्रेम अडकल्या. बांबूला पट्ट्या ठोकून फलक टांगायचे असं पोरांनी ठरवलं, फ्रेमचे २२०० वाचले आणि दिसतंयही चांगलं. बोळाला वरून ताडपत्री, पण ती फलकापासून हातभर पुढे काढायची नाहीतर पागोळी थेट अक्षरांवर पडते.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

पहाटे लावून झालं. दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही कारण फलक मंडपातून बाहेर पडायच्या वाटेवर होते आणि दर्शन घेतलेला माणूस प्रसाद घेऊन घाईत निघतो. संध्याकाळी सगळे उचलून आत येण्याच्या रांगेच्या बाजूला लावले. रांगेत माणूस उभा असतो, त्याला वाचण्याशिवाय दुसरं काम नसतं. लगेच फरक पडला.

३१ ऑगस्ट

शेवटच्या फलकाशेजारी कोरी वही दोरीला बांधून ठेवलीय, वर फक्त एक प्रश्न: 'तुम्ही थेटरात कुठे बसायचात?' 'अभिप्राय लिहा' लिहिलं असतं तर 'छान उपक्रम' एवढंच आलं असतं. या प्रश्नाने लोक लिहितायत. कोणी पुढच्या बाकड्यांबद्दल, मान दुखायची त्याबद्दल, कोणी बाल्कनीत फक्त लग्नानंतर पहिल्यांदा बसल्याचं. एका बाईंनी गिरगावातल्याच सेंट्रल थेटराबद्दल दोन पानं लिहिली, तिथे 'संत तुकाराम' ५७ आठवडे चालला तेव्हा त्यांच्या आजी चपला बाहेर काढून आत जायच्या असं घरात सांगतात. एकाच घरची आठवण आहे, नियमाप्रमाणे अजून फलकावर नाही जाणार, पण वहीत नोंद आणि त्यांचा फोन त्यांच्या संमतीने घेतलाय. पेन मात्र रोज नवं लागतं.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं, आज फलक उतरवले. दोन फलकांच्या व्हिनाइलच्या कडा सुटल्यात, बाकी धडधाकट. पुसून, मध्ये वर्तमानपत्र न घालता (शाई लागते) जुन्या चादरी घालून उभे ठेवलेत.

खर्च: छपाई नमुन्यासकट ४४००, प्रवास ११५०, झेरॉक्स आणि कागदपत्रं ३८०, बांबू-ताडपत्री ९००, वही-पेनं-किरकोळ २१०. एकूण ७०४०. उरलेल्या पैशांतून रेकॉर्डिंग ठेवायला दोन पेनड्राइव्ह घ्यायचे, एक मंडळात आणि एक ज्यांच्या आठवणी आहेत त्यांच्यापैकी एकाच्या घरी, वस्तीबाहेर.

पुढच्या वर्षी सेंट्रल. चपलांची गोष्ट सांगणारं दुसरं घर सापडतंय का ते आधी बघायचं, आणि डिसेंबर १९३६ पासून पुढचे शनिवारचे अंक आत्ताच चाळायला घ्यायचे. ज्यांना मदत करायचीय त्यांनी एकेक महिना वाटून घ्या, रस्त्यांच्या नावांचा तक्ता मी देते.